इंग्रजीच्या घरात डेनांचे क्रियापद

वेसेक्सचा राजा बेओर्हत्रिक याच्या कारकिर्दीत, इ. स. 789 च्या नोंदीखाली, अँग्लो-सॅक्सन बखरीत एक छोटी हकीकत आली आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड येथे परक्या लोकांची तीन गलबते लागली. ही वर्दी पोहोचताच डॉर्चेस्टरचा राजाचा अंमलदार मोजकी माणसे बरोबर घेऊन घोड्यावरून तेथे गेला. हे कोणी व्यापारी असावेत, आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी राजाच्या ठाण्यात हजर होऊन आपली नावनिशी द्यावी, एवढाच त्याचा आग्रह होता. आलेले लोक व्यापारी नव्हते. त्यांनी त्या अंमलदाराला जागच्या जागी ठार केले. इंग्रजांच्या भूमीवर आलेली डेनांची ही पहिली गलबते होत, असा शेरा मारून बखरकार पुढच्या नोंदीकडे वळतो. वास्तविक हे लोक नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे असावेत, असे बखरीच्याच काही प्रतींवरून दिसते. पण उत्तर समुद्रापलीकडून येणाऱ्या सर्वांना सरसकट ‘डेन’ म्हणण्याची त्या काळच्या इंग्रजांची पद्धत होती, आणि या लेखातही तीच पाळली आहे.

ज्यांची ओळख अशी रक्तपाताने झाली, त्या लोकांचे एक क्रियापद आज इंग्रजी बोलणाऱ्या प्रत्येक मनुष्याच्या तोंडी दिवसातून शेकडो वेळा येते. ते क्रियापद म्हणजे ‘टेक’, अर्थात घेणे. नवव्या शतकात, वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाच्या काळी, इंग्रज मनुष्य ‘घेणे’ या अर्थी ‘निमन’ असे म्हणत असे. जर्मन भाषेतील ‘नेहमेन’ आणि डच भाषेतील ‘नेमेन’ ही त्याचीच सख्खी भावंडे आजही आपापल्या घरी सुखरूप नांदत आहेत. इंग्रजीत मात्र ‘निमन’ नामशेष झाले, आणि त्याच्या जागी डेनांचे ‘टाका’ येऊन बसले. देवधर्माची, राज्यकारभाराची, कलाकौशल्याची नावे एका भाषेतून दुसरीत जातात, हे जगात सर्वत्र घडते. परंतु घेणे, देणे, खाणे, जाणे यांसारखे अगदी आतल्या घरातले क्रियापद सोडून देऊन त्या जागी शत्रूचे क्रियापद घ्यावे, हे क्वचितच घडते. ते इंग्लंडात कसे घडले, याची कथा सुमारे सहा शतकांची आहे. आणि तिच्यातील पहिली शंभर वर्षे केवळ जाळपोळीची असली, तरी खरी कथा जाळपोळ थांबल्यावर सुरू होते.

793 च्या जूनमध्ये लिंडिसफार्न या बेटावरील पवित्र मठ लुटला गेला, तेव्हा शार्लमेनच्या दरबारी असलेल्या आल्क्विन या इंग्रज पंडिताने मायदेशी जी शोकपत्रे धाडली, त्यांवरून त्या वार्तेने ख्रिस्ती जगाला बसलेला हादरा समजतो. पुढे सत्तर वर्षे उन्हाळा आला की गलबते येत, मठ आणि बंदरे लुटत आणि परत जात. 865 मध्ये मात्र एक मोठी फौज ईस्ट अँग्लियात उतरली, तेथील लोकांकडून घोडे मिळवून तिने मुक्काम ठोकला, आणि ती परत गेली नाही. 866 च्या नोव्हेंबरात तिने यॉर्क घेतले. पुढच्या वर्षी शहर परत मिळविण्याच्या प्रयत्नात नॉर्थम्ब्रियाचे दोन्ही राजे मारले गेले. 869 मध्ये ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड पडला. 874 मध्ये मर्सियाचा राजा बर्ग्रेड गादी सोडून रोमला निघून गेला. चार इंग्रज राज्यांपैकी तीन अशी दहा वर्षांच्या आत लयाला गेली.

आणि मग 876 ची नोंद येते. माझ्या मते साऱ्या अँग्लो-सॅक्सन बखरीत हिच्याइतके अर्थगर्भ वाक्य दुसरे नाही. त्या वर्षी डेनांच्या फौजेचा एक पुढारी हाफडन याने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटून दिली, आणि ते लोक नांगर धरून आपला चरितार्थ चालवू लागले, एवढेच बखरकार सांगतो. त्याच्या दृष्टीने ही एक दुःखद वार्ता असावी, कारण मुलूख कायमचा हातचा गेल्याची ती कबुली होती. परंतु ज्या मनुष्याने तलवार खुंटीला टांगून नांगर हाती घेतला, त्याला बैल लागतो, बी लागते, शेजाऱ्याची मदत लागते, बांधाच्या तंट्यात साक्षीदार लागतो, आणि पुष्कळदा बायकोही त्याच गावातली लागते. पुढच्याच वर्षी मर्सियाच्या पूर्वभागाची आणि 880 मध्ये ईस्ट अँग्लियाची अशीच वाटणी झाली. लुटारूंचे रयतेत रूपांतर झाले, आणि ज्या क्रियापदाचा इतिहास आपण पाहत आहोत त्याचा इंग्लंडातील जन्म या तीन वाटण्यांत झाला; रणांगणावर कोणी कोणाचे क्रियापद शिकत नाही.

दरम्यान वेसेक्सचे राज्य नष्ट होता होता वाचले. 878 च्या जानेवारीत डेनांचा दुसरा पुढारी गुथ्रम याने चिपनमवर अचानक छापा घातला, तेव्हा आल्फ्रेड राजाला सॉमरसेटच्या दलदलीत अ‍ॅथेल्नी येथे आश्रय घ्यावा लागला. तेथूनच जमवाजमव करून मे महिन्यात त्याने एडिंग्टन येथे गुथ्रमचा पुरता मोड केला. पराभूत गुथ्रमने तीस सरदारांसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि आल्फ्रेड स्वतः त्याचा धर्मपिता झाला. या दोघांमध्ये पुढे झालेला तहनामा आज उपलब्ध आहे, आणि तो वाचताना आपल्या पेशवाईतील सरहद्दीचे करारमदार वाचणाऱ्याला परकेपणा वाटणार नाही. सीमा टेम्स नदीने वर, मग ली नदीने तिच्या उगमापर्यंत, तेथून सरळ बेडफर्डला, आणि तेथून ऊझ नदीने जुन्या रोमन वॉटलिंग रस्त्यापर्यंत, अशी रेखलेली आहे. त्याहून महत्त्वाचे कलम मनुष्यवधाच्या दंडाचे: इंग्रज मारला गेला काय किंवा डेन मारला गेला काय, दोघांच्याही जिवाची किंमत शुद्ध सोन्याचे आठ अर्धमार्क अशी सारखीच धरावी, असे त्यात ठरले. जेत्याने जिताच्या जिवाची आणि जिताने जेत्याच्या जिवाची किंमत एकच मानावी, हे त्या शतकात दुर्मिळ होते. आणि ज्या दोन समाजांनी हे मान्य केले, त्यांच्या भाषा फार दिवस एकमेकींपासून अंतर राखून राहणे शक्य नव्हते.

या सीमेच्या ईशान्येकडील मुलखाला पुढे ‘डेन्लॉ’, म्हणजे डेनांचा कायदा जेथे चालतो तो प्रदेश, असे नाव पडले; आणि कायदा या अर्थाचा ‘लॉ’ हा इंग्रजी शब्दही डेनांचाच आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डर्बी, लेस्टर, लिंकन, नॉटिंगहम आणि स्टॅमफर्ड ही पाच तटबंदीची ठाणी आणि यॉर्क ही राजधानी, अशी या मुलखाची रचना होती. ‘बी’ हा प्रत्यय गाव या अर्थी डेनांचा. व्हिटबी, ग्रिम्सबी, सेल्बी, डर्बी अशी शेकडो गावे तो आजही मिरवीत आहेत. यॉर्क शहरातील कित्येक रस्त्यांच्या नावांत ‘गेट’ हा शब्द येतो, तो वेशीचा वाचक नसून रस्ता या अर्थाचा डेनांचा शब्द आहे. त्यांपैकी कॉपरगेट, म्हणजे लाकडी पेले घडविणाऱ्या कारागिरांची आळी, येथे 1976 ते 1981 या काळात उत्खनन झाले, तेव्हा मातीखाली लाकडाच्या भिंतींची घरे, कातड्याचे जोडे, शिंगाचे कंगवे आणि चरकावर घडविलेले पेले सापडले. बखरीतल्या डेनांच्या हाती कुऱ्हाड असते. कॉपरगेटच्या डेनांच्या हाती सुताराची हत्यारे आहेत.

या मुलखाच्या महसुली आणि न्यायविषयक व्यवस्थेतच आपल्या क्रियापदाचे पहिले पाऊल सापडते. दक्षिण इंग्लंडात परगण्याच्या तोलाच्या विभागाला ‘हंड्रेड’ म्हणत. डेन्लॉच्या बऱ्याच जिल्ह्यांत त्यालाच ‘वापेनटेक’ हे नाव होते. ‘वापेन’ म्हणजे शस्त्र आणि ‘टाक’ म्हणजे घेणे. विभागातील स्वतंत्र माणसे उघड्या मैदानावर सभेसाठी जमत, आणि निर्णयाला संमती देताना शस्त्रे हाती घेऊन ती उंचावीत किंवा वाजवीत. त्या कृतीवरून सभेला, आणि सभेवरून विभागाला ते नाव मिळाले. एडगर राजाच्या दहाव्या शतकातील कायद्यात हा शब्द इंग्रज राजाच्या स्वतःच्या सरकारी भाषेत आला आहे. 997 च्या सुमारास एथेलरेड राजाने वाँटेज येथे काढलेल्या कायद्यात तर वापेनटेकमधील बारा प्रतिष्ठितांनी निरपराध्यावर आरोप करणार नाही आणि अपराध्याला लपविणार नाही अशी शपथ घ्यावी, असे फर्माविले आहे. पुढच्या काळातील पंचांच्या पद्धतीचे हे पूर्वरूप मानणारे विद्वान पुष्कळ आहेत. ‘टेक’ हे क्रियापद सुटे होऊन इंग्रजीत फिरू लागण्यापूर्वीच त्याचे नामरूप अशा रीतीने दप्तरात दाखल झाले होते.

ही सरमिसळ इतकी सहज झाली याचे एक कारण असे की या दोन भाषा बहिणी होत्या, आणि एकमेकींपासून दूर होऊन त्यांना फार शतके लोटलेली नव्हती. घराला दोघेही ‘हूस’ म्हणत, जमिनीला ‘लांड’ म्हणत, धान्याला ‘कोर्न’ म्हणत. शब्दाचा गाभा दोघांनाही कळे. अडचण पडे ती लिंगवचनविभक्तीच्या प्रत्ययांची, कारण ते प्रत्येकीचे निराळे होते. बाजारात किंवा बांधावर बोलताना या प्रत्ययांवर जोर देणे निरुपयोगी ठरे, म्हणून ते अस्पष्ट उच्चारले जात. आणि अस्पष्ट उच्चारलेले प्रत्यय दोनतीन पिढ्यांत गळून पडतात. इंग्रजीतील नामांचे लिंग आणि विभक्तींचा पसारा प्रथम उत्तरेत आणि डेन्लॉत नाहीसा झाला, दक्षिणेत तो अधिक काळ टिकला, हा क्रम आकस्मिक नाही. या मोकळ्या झालेल्या जागेत डेनांची सर्वनामेसुद्धा शिरली: ‘ते’, ‘त्यांचे’, ‘त्यांना’ या अर्थांची आजची ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ ही तिन्ही रूपे त्यांचीच आहेत.

मराठी वाचकाला या घटनेचे वैशिष्ट्य आपल्या भाषेच्या अनुभवावरून चांगले उमजेल. आपल्या भाषेवर फारसीचा अंमल तीनशे वर्षांहून अधिक काळ होता. दप्तर, फडणीस, तहसील, वसूल, जमा, खर्च, अर्ज, फिर्याद हे शब्द आपल्या कारभारात इतके मुरले की शिवाजीमहाराजांना रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून त्यांना संस्कृत पर्याय सुचवावे लागले. परंतु हे सारे बहुतेक नामांचे दळ होते. फर्मावणे, बदलणे, गुजरणे अशी मोजकी क्रियापदे सोडली, तर फारसी नामाला आपले ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडून आपण काम भागविले. कबूल केले, वसूल झाला, अर्ज केला. घेणे, देणे, येणे, जाणे ही क्रियापदे मात्र संस्कृत-प्राकृतातून आली तशीच राहिली, आणि खुद्द ‘घेणे’ हे ‘ग्रह्’ धातूच्या प्राकृत रूपांचे वंशज आहे. राजसत्तेचा आणि दरबाराचा दाब कितीही मोठा असला, तरी तो ‘घेणे’ या क्रियापदापर्यंत पोहोचत नाही; तेथपर्यंत पोहोचायला एकाच चुलीवर दोन भाषा शिजाव्या लागतात.

‘टाका’ या धातूचा मूळ अर्थ मोठा मनोहर आहे. गॉथिक भाषेत वुल्फिला या धर्मगुरूने चौथ्या शतकात बायबलचे भाषांतर केले. त्यात हा धातू ‘स्पर्श करणे’ या अर्थी येतो. गर्दीतून मागून येऊन एक आजारी स्त्री येशूच्या वस्त्राला हात लावते, आणि माझ्या वस्त्राला कोणी स्पर्श केला, असे तो विचारतो, त्या प्रसंगी वुल्फिलाने हाच धातू वापरला आहे. स्पर्शावरून पकडणे, पकडण्यावरून ताब्यात घेणे, असा अर्थाचा विस्तार उत्तरेकडील लोकांच्या भाषेत झाला. ‘निमन’चे भावंड असलेले ‘नेमा’ हे क्रियापद त्यांच्याजवळही होते. आइसलंडमध्ये त्यांनी वसाहत केली त्या घटनेला ते ‘लांडनाम’, म्हणजे जमीन घेणे, असेच म्हणतात. पण रोजच्या घेण्याला त्यांच्या तोंडी ‘टाका’ अधिक रुळले होते, आणि इंग्लंडात त्यांनी आणले ते हेच.

डेन्लॉचे स्वतंत्र राजकारण फार काळ टिकले नाही. आल्फ्रेडच्या मुलाने आणि मुलीने पाच ठाणी एकेक करून जिंकली, नातू अ‍ॅथेलस्टन याने 927 मध्ये यॉर्क घेतले, आणि 954 मध्ये यॉर्कचा शेवटचा परकी राजा एरिक याची हकालपट्टी होऊन सारे इंग्लंड एका छत्राखाली आले. पण शतक संपता संपता दुसरे संकट उभे राहिले. 991 मध्ये मॉल्डन येथे इंग्रज सरदार बिर्हत्नॉथ पडला, आणि एथेलरेडच्या सल्लागारांनी 10,000 पौंड चांदी देऊन आलेली धाड परत पाठविली. खंडणीची गोडी लागलेला शत्रू अधिक खंडणीसाठी परत येतो, हा नियम इंग्लंडातही खरा ठरला: 994 मध्ये 16,000 पौंड, 1002 मध्ये 24,000 पौंड असे आकडे चढत गेले. त्याच 1002 च्या 13 नोव्हेंबरला राज्यातील सर्व डेनांची कत्तल करावी, असा भयंकर हुकूम राजाने काढला. ऑक्सफर्ड येथे डेनांनी सेंट फ्राइड्सवाइडच्या देवळात आश्रय घेतला असता ते देऊळ त्यांच्यासह जाळण्यात आले, हे राजाच्याच 1004 च्या सनदेवरून समजते. ज्या जिल्ह्यांत तोवर डेन आणि इंग्रज यांची चौथी पाचवी पिढी एका बांधाला बांध लावून नांदत होती, तेथे मात्र हा हुकूम अमलात आणणे शक्यच नव्हते. तेथे डेन कोण आणि इंग्रज कोण, हे ठरविणार कोण? शेवटी 1016 मध्ये डेन राजपुत्र क्नूट इंग्लंडचा राजा झाला, 1018 मध्ये त्याने देशाकडून 72,000 पौंड आणि एकट्या लंडनकडून 10,500 पौंड वसूल केले, आणि नंतर 1035 पर्यंत चांगले राज्य केले. तथापि भाषेच्या इतिहासात त्याच्या सिंहासनाचे महत्त्व मी फारसे मानीत नाही. त्याचे कायदे इंग्रजीतच लिहिले गेले, आणि राजदरबारातून ‘टेक’ हे क्रियापद कोणी प्रसृत केले नाही.

ते कोठून प्रसृत झाले याचे उत्तर हवे असेल, तर यॉर्कशायरमध्ये कर्कडेल येथे एका लहानशा देवळाच्या भिंतीवरील दगडी सूर्यघटिका पाहावी. एडवर्ड राजा आणि अर्ल टॉस्टिग यांच्या काळी, म्हणजे 1055 ते 1065 च्या दरम्यान, गामलचा मुलगा ऑर्म याने हे पडझड झालेले देऊळ विकत घेऊन पायापासून नवे बांधविले, असे तिच्यावर कोरलेले आहे. लेखाची भाषा इंग्रजी, बापलेकांची नावे डेनांची, देव ख्रिस्ती, आणि सूर्याच्या खुणेला वापरलेला शब्दही डेनांच्या घडणीचा. नांगर धरणाऱ्यांच्या वंशजांना आपण परके आहोत याची जाणीवही उरली नव्हती.

1066 च्या सप्टेंबरात स्टॅमफर्ड ब्रिज येथे नॉर्वेचा राजा हाराल्ड मारला गेला, आणि ऑक्टोबरात हेस्टिंग्ज येथे नॉर्मन विल्यम विजयी झाला. राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, दप्तराची लॅटिन झाली, आणि इंग्रजी ही केवळ रयतेची बोली उरली. हा काळ इंग्रजीच्या अवनतीचा म्हणून सांगितला जातो. पण त्याचा एक लाभ झाला. वेसेक्सच्या राजधानीतील शुद्धलेखनाचे दडपण नाहीसे झाल्यामुळे, दोन शतके बोलण्यात रुळलेले पण लेखणीला अस्पृश्य असलेले शब्द कागदावर येऊ लागले. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील बखरीच्या नोंदींत ‘टोक’, म्हणजे घेतले, हे भूतकाळी रूप अधूनमधून डोकावते. इतरत्र बखरी लिहिणे बंद पडल्यावरही, जुन्या डेन्लॉच्या हद्दीत असलेल्या पीटरबरोच्या मठात 1154 पर्यंत हे काम चालू राहिले. तेथील शेवटच्या लेखकाने 1137 च्या नोंदीत स्टीफन राजाच्या काळातील अंदाधुंदीचे हृदयद्रावक वर्णन केले आहे. किल्ल्याकिल्ल्यांतील सरदारांनी, ज्यांच्याजवळ काही चीजवस्तू असेल असा संशय आला त्या स्त्रीपुरुषांना रात्रंदिवस पकडून नेले आणि सोन्यारुप्यासाठी त्यांचे हाल केले, हे सांगताना त्याच्या लेखणीतून ‘नामेन’ हे जुने क्रियापदच उतरते. पण तोच लेखक 1140 च्या नोंदीत, आंझूचा काउंट वारल्यावर त्याचा मुलगा हेन्री सत्तेवर आला हे सांगताना ‘टोक’ लिहितो. ‘फेंग टो रीचे’, म्हणजे राज्य हाती घेतले, हा राज्यारोहणाचा ठराविक वाक्प्रयोग आल्फ्रेडच्या काळापासून बखरीत चालत आला होता. त्यातील ‘फेंग’च्या जागी आता डेनांचे क्रियापद बसले होते. इंग्रज राजांना दोनशे वर्षे छळणाऱ्या लोकांच्या शब्दांत इंग्रजांची बखर राज्यारोहण सांगू लागली, आणि लिहिणाऱ्याच्या मनात त्याबद्दल यत्किंचित संकोच नव्हता.

यानंतर सुमारे वीस-पंचवीस वर्षांनी, बहुधा लिंकनशायरमधील बोर्न येथे, एका मठवासी धर्मोपदेशकाने सामान्य लोकांना शुभवर्तमान समजावे म्हणून एक प्रचंड पद्यग्रंथ रचला. त्याचे नाव ऑर्म, आणि स्वतःच्या नावावरून त्याने ग्रंथाला ‘ऑर्म्युलम’ म्हटले. सुमारे 19,000 ओळींचा उपलब्ध भाग ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. काव्य म्हणून तो नीरस आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु वाचणाऱ्याकडून उच्चार चुकू नये म्हणून ऱ्हस्व स्वरापुढील व्यंजन दुप्पट लिहिण्याची जी पद्धत त्याने अढळ निष्ठेने ओळीओळीत पाळली, तिच्यामुळे त्या काळच्या लिंकनशायरच्या बोलीचा असा साक्षीदार दुसरा मिळत नाही. या साक्षीदाराच्या तोंडी ‘टाकेन’ अगदी मोकळेपणाने येते. हा पंडिती शब्द असता, तर अडाणी श्रोत्यांसाठी लिहिणाऱ्या ऑर्मने तो टाळला असता. शेतकऱ्याला कळेल अशाच भाषेत देवाची गोष्ट सांगण्याचा त्याचा हट्ट होता, आणि शेतकऱ्याची भाषा आता ही होती.

दक्षिण मात्र सहजासहजी वळली नाही. वॉर्सेस्टरशायरचा कवी लायामन 1200 च्या आसपास ‘निमन’च्या वंशातील रूपे भरभरून वापरतो, आणि आग्नेयेस केंट परगण्यात कँटरबरीचा मायकेल नावाचा वृद्ध संन्यासी 1340 मध्ये ‘अयेन्बाइट ऑफ इन्विट’ हा ग्रंथ पूर्ण करतो, तेव्हाही त्याच्या तोंडी ‘निमे’च आहे. 1400 मध्ये कवी चॉसर वारला तेव्हा लंडनच्या भाषेत ‘टेक’चा जम बसला होता, कारण राजधानीत व्यापारासाठी येऊन राहणाऱ्यांत पूर्वेकडील आणि मध्यप्रांतातील लोकांचा भरणा वाढला होता. उत्तर-दक्षिणेची ही ओढाताण किती काळ चालली, याची एक हकीकत मुद्रक कॅक्स्टन याने 1490 मध्ये नमूद केली आहे. टेम्सवरून निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे केंटच्या किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांच्यातील शेफील्ड नावाच्या गृहस्थाने एका बाईजवळ अंडी मागितली. त्याने ‘एग्ज’ हा उत्तरेकडील, मूळचा डेनांचा शब्द वापरला. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. शेवटी दुसऱ्या कोणी ‘आयरन’ असा दक्षिणी शब्द उच्चारला, तेव्हा बाईला उलगडा झाला. पुढे ‘आयरन’चेही तेच झाले जे ‘निमन’चे झाले.

पदच्युत झालेल्या ‘निमन’चा शेवट करुणास्पद आहे. सभ्य भाषेतून उठल्यावर ते ‘निम’ या आखूड रूपात चोरांच्या बोलीत जाऊन राहिले, आणि त्याचा अर्थ हातोहात लांबविणे असा झाला. शेक्सपिअरने आपल्या नाटकांत निम नावाचा एक शिपाई रंगविला आहे. त्याचे नावच त्या काळच्या प्रेक्षकांना त्याचा धंदा सांगत असे, आणि ‘पाचवा हेन्री’ या नाटकात तो फासावर गेल्याचे आपण ऐकतो. आज इंग्रजीत या घराण्याची दोनच माणसे प्रतिष्ठेने वावरतात: चपळ या अर्थाचे ‘निम्बल’, म्हणजे मुळात चटकन पकडणारा, आणि बधिर या अर्थाचे ‘नम’, म्हणजे मुळात थंडीने किंवा आघाताने पकडला गेलेला.

‘टेक’चा संसार मात्र विस्तारतच गेला. जुन्या इंग्रजीतील उपसर्गयुक्त क्रियापदांच्या साच्यात त्याने आपली ‘अंडरटेक’, ‘ओव्हरटेक’ ही रूपे ओतली. ‘मिस्टेक’ तर डेनांकडून सबंधच आले. औषध घेणे, निरोप घेणे, शपथ घेणे, किल्ला घेणे येथवर आपले ‘घेणे’ त्याच्या बरोबरीने चालते. परंतु वेळ लागणे, सभा भरणे, छायाचित्र काढणे, मूल बापाच्या वळणावर जाणे, विमानाने जमीन सोडणे, एखाद्या व्यसनाच्या नादी लागणे, या सर्व ठिकाणीही इंग्रज मनुष्य तेच क्रियापद पुढेमागे एखादे अव्यय जोडून वापरतो, आणि आपल्याला दर वेळी निराळा शब्द शोधावा लागतो. मोल्सवर्थने आरंभलेला आणि टॉमस कँडीने पूर्ण करून 1847 मध्ये मुंबईस प्रसिद्ध केलेला इंग्रजी-मराठी कोश रचताना आपल्या शास्त्र्यांना या एका क्रियापदाने किती श्रम दिले असतील, याची कल्पना करता येते. ऑक्सफर्डच्या महाकोशात ‘टी’ हे अक्षर संपादक जेम्स मरे याच्या वाट्याला होते. मरे हा इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील खेड्यात 1837 मध्ये जन्मलेला. आपल्या मायबोलीवर त्याने 1873 मध्ये शास्त्रीय ग्रंथ लिहिला होता. ज्या उत्तरेकडील बोलीतून हे क्रियापद दक्षिणेला गेले, त्याच बोलीत वाढलेल्या मनुष्याने त्याचा साद्यंत वृत्तांत लिहावा, हा मोठा उचित योग होय.

इंग्लंडचे इतिहासकार डेनांचे प्रकरण 954 मध्ये, किंवा क्नूटचा वंश संपला त्या 1042 मध्ये पुरे करतात. राजांच्या वंशावळीपुरते ते ठीक आहे. परंतु हाफडनच्या माणसांनी 876 मध्ये नांगर धरून जे आरंभिले, ते केंटच्या संन्याशाने ‘निमे’ लिहिले त्या 1340 मध्येही पुरे झालेले नव्हते. तो मुलूखही ‘टेक’ म्हणू लागला, तेव्हाच डेनांचा इंग्लंडमधील शेवटचा विजय झाला, आणि त्या प्रकरणाची समाप्ती तेथेच नोंदली पाहिजे.